'गेट'च्या पुढे काय आहे ते बघा

'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "पुढचा शब्द कोणता?" एकट्या 'गेट'ला अर्थ विचारून हाती काही लागत नाही. शब्दकोशात त्याच्या नावावर मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे, लावणे अशी लांबलचक रांग असते. ती पाठ केली तरी समोरचा माणूस बोलायला लागल्यावर त्यातला नेमका कोणता अर्थ उचलायचा हे सुचेपर्यंत त्याचं वाक्य संपलेलं असतं. पुढच्या शब्दावर लक्ष ठेवलं तर मात्र अर्थ तिथल्या तिथे ठरतो. मराठी माणसाला तर तो लवकरच ठरवता येतो, कारण त्यासाठी लागणारं व्याकरण आपल्या भाषेत आधीपासून आहे.

मी मिरजेत संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे वर्गात सिस्टर पुष्कळ असतात. कुणाला ब्रिटनला जायचं असतं, कुणाला आखातात, कुणाची ओईटी नाहीतर आयईएलटीएस ही परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा तोंडावर आलेली असते. त्यांचं पुस्तकी इंग्रजी चांगलं असतं. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'बिकम', 'अराइव्ह' हे शब्द त्यांना येतात, पत्रात बिनचूक वापरताही येतात. पण तिकडच्या वॉर्डातले आजोबा असं बोलत नाहीत. ते म्हणतात, 'आय गेट डिझी व्हेन आय गेट अप.' एका वाक्यात दोन 'गेट' आणि दोघांचे अर्थ वेगळे: उठलो की चक्कर येते. हे कळलं नाही तर पेशंटच कळला नाही. म्हणून इथली बरीचशी उदाहरणं दवाखान्यातली आहेत.

आधी उच्चार

देवनागरीत 'गेट' लिहिलं की आपल्याला फाटक आठवतं. मिळण्याचा 'गेट' आणि फाटकाचा 'गेट' आपण लिहितो सारखे आणि म्हणतोही सारखे. इंग्रजी कानाला ते दोन वेगळे शब्द आहेत. फाटकाचा स्वर लांब आणि शेवटी 'इ'कडे सरकणारा, जवळपास 'गेइट'. आपल्या क्रियापदाचा स्वर आखूड, लगेच 'ट'वर तुटणारा. मराठीतला 'ए' मुळातच दीर्घ असल्यामुळे हा आखूड 'ए' मुद्दाम घोटावा लागतो. जबडा नेहमीपेक्षा थोडा जास्त उघडा आणि स्वर रेंगाळू देऊ नका. हीच जोडी 'पेन' आणि 'पेइन' यांची. लेखणी आखूड, दुखणं लांब. सिस्टरांनी या दोन जोड्या रोज पाच मिनिटं मोठ्याने म्हणाव्यात. 'गेटवे ऑफ इंडिया'मध्ये फाटकाचा लांब स्वर आहे. लोणावळ्याच्या हॉटेलांच्या जाहिरातीत 'वीकेंड गेटअवे' असतं, तिथे आपलं आखूड क्रियापद आहे: रोजच्या रगाड्यातून निसटून जाणं.

अमेरिकन माणूस बोलत असेल तर आणखी एक गोष्ट कानाला लावून घ्या. दोन स्वरांच्या मध्ये आलेला 'ट' त्यांच्या तोंडी 'ड'सारखा होतो. 'गेट अप'चं 'गेडप', 'गॉट इट'चं 'गाडिट'. आपण तसं बोललंच पाहिजे असं नाही, पण ऐकताना ओळखता आलं पाहिजे.

पुढे वस्तू आली तर

पुढे नाम आलं की बहुतेक वेळा 'मिळणे'. 'आय गॉट अ लेटर', मला पत्र मिळालं. 'शी गॉट द जॉब', तिला नोकरी मिळाली. मराठीत मिळणारा माणूस 'मला', 'तिला' असतो, इंग्रजीत तो थेट कर्ता होतो. एवढा बदल केला की झालं. आजारही याच खात्यात येतात: 'आय गॉट अ कोल्ड', सर्दी झाली. स्वतः जाऊन घेऊन येणंही यातच: 'आय विल गेट द मेडिसिन', मी औषध घेऊन येते. आणि मध्ये माणूस आला की आणून देणं: 'कुड यू गेट मी सम वॉटर?'

इथे 'कुड यू' सोडू नका. 'गेट मी वॉटर' हा नुसता हुकूम आहे. मराठीत आपण 'जरा पाणी द्या ना' म्हणतो, त्यातल्या 'जरा' आणि 'ना'चं काम इंग्रजीत 'कुड यू' करतं. पेशंट मात्र तुम्हाला 'गेट मी द नर्स' असं तोडून बोलला तर मनाला लावून घेऊ नका, दुखण्यात माणूस तसं बोलतो.

वस्तूच्या जागी बोलणं किंवा विनोद आला की 'कळणे': 'आय डोन्ट गेट इट', मला कळलं नाही. इथे आपल्याकडची एक जुनी सवय आड येते. 'मला तुमचं बोलणं कळत नाहीये' हे आपण जसंच्या तसं उचलतो आणि 'आय ॲम नॉट गेटिंग यू' म्हणतो. भारतात ते सगळ्यांना समजतं, लंडनमध्ये ऐकणारा क्षणभर अडखळतो. कळण्याच्या अर्थी या क्रियापदाला सहसा 'इंग' लावत नाहीत. 'आय डोन्ट अंडरस्टँड' म्हणा किंवा 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट'. गोळ्या कशा घ्यायच्या हे समजावून झाल्यावर पेशंटला 'डिड यू गेट मी?' असं विचारणंही टाळा. त्याची परीक्षा घेतल्यासारखं वाटतं. 'डज दॅट मेक सेन्स?' हे त्या जागी बरं, कारण त्यात नीट समजावण्याची जबाबदारी आपल्याकडे राहते.

'मला वास येतोय', 'मला आवाज येतोय' यांचंही असंच. 'आय ॲम गेटिंग अ स्मेल' नको, 'आय कॅन स्मेल समथिंग' हवं. मराठीत वास आपल्याकडे येतो, इंग्रजीत आपण तो घेऊ शकतो.

पुढे विशेषण आलं तर

मग 'होणे'. एवढा एकच मराठी शब्द इथे जवळपास सगळीकडे चालतो. 'गेट टायर्ड' म्हणजे दमणं, 'गेट अँग्री' रागावणं, 'गेट ओल्ड' म्हातारं होणं, 'गेट डार्क' अंधार पडणं. आधी नसलेली अवस्था आता आली, हा त्यातला भाव. नुसती अवस्था सांगायची असेल तर 'इज', बदल सांगायचा असेल तर 'गेट'. 'ही इज टायर्ड', तो दमलेला आहे. 'ही गेट्स टायर्ड क्विकली', तो लवकर दमतो. दुसऱ्या वाक्यावर डॉक्टर पुढचा प्रश्न विचारतील, पहिल्यावर कदाचित विचारणार नाहीत. सिस्टरने पेशंटकडून नेमकं हेच काढून घ्यायचं असतं.

'गेटिंग बेटर' आणि 'गेटिंग वर्स' या दोन जोड्या तर दिवसात कितीदा तरी लागतात. 'गेटिंग वर्स्ट' नाही. बदल कालच्या तुलनेत सांगायचा असतो, म्हणून मधली पायरी 'वर्स' हीच.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी 'सिक' या शब्दापाशी थांबावं. अमेरिकेत 'गेट सिक' म्हणजे आजारी पडणं. ब्रिटनमध्ये 'आय वॉज सिक' म्हणजे बहुतेक वेळा उलटी झाली, आणि 'आय ॲम गोइंग टू बी सिक' म्हणजे आत्ता होणार आहे, भांडं आणा. तिथे आजारी पडण्याला 'गेट इल' म्हणतात.

'मला उशीर होतोय' हे आपण 'आय ॲम गेटिंग लेट' असं सांगतो. 'होणे' आहे, म्हणजे 'गेट' आलंच पाहिजे, हा हिशेब चुकीचा नाही, पण इंग्रजी कानाला तो पटत नाही. रात्र व्हायला लागली असेल तर 'इट्स गेटिंग लेट' अगदी बरोबर. स्वतःला उशीर होत असेल तर 'आय ॲम रनिंग लेट' किंवा 'आय ॲम गोइंग टू बी लेट'. इथे पुढचा शब्द बघून भागत नाही, अलीकडचा कर्ताही बघावा लागतो.

सवय होण्यालाही हेच क्रियापद: 'गेट यूज्ड टू'. 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू द कोल्ड', थंडीची सवय होतेय. पुढे क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचं: 'गेट यूज्ड टू वर्किंग नाइट्स'.

पुढे जागा आली तर

तर 'पोचणे'. 'हाऊ डू आय गेट टू वॉर्ड सिक्स?' वॉर्ड सहाला कसं जायचं? जागेच्या आधी 'टू' हवा, पण 'होम', 'हिअर' आणि 'देअर' यांच्या आधी तो नको. 'आय गॉट होम ॲट टेन.' 'अराइव्ह' चुकीचं नाही, पण घरी पोचल्यावर आईला फोन करून 'मी अराइव्ह झाले' असं कुणी सांगत नाही. 'अराइव्ह' विमानतळावरच्या पाट्यांवर शोभतं.

चढण्याउतरण्याचे नियम मात्र नीट बघा. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्यात 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': बस, आगगाडी, विमान, मोठी बोट. ज्यात वाकून शिरावं लागतं त्यात 'गेट इन' आणि 'गेट आउट': मोटार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसायचं, म्हणजे सायकल, मोटरसायकल, घोडा, त्यालाही 'ऑन' आणि 'ऑफ'. पेशंट पलंगावर चढतो तेव्हा 'गेट ऑन द बेड', पांघरुणात शिरून निजतो तेव्हा 'गेट इन्टू बेड'. तपासणीच्या टेबलाला कायम 'ऑन'.

आपल्याकडे 'पुण्याला उतर' हे 'गेट डाउन ॲट पुणे' होतं. भारतात चालतं, कंडक्टरही तसंच म्हणतो. बाहेर मात्र 'गेट डाउन' म्हणजे उंचावरून, झाडावरून, शिडीवरून खाली येणं, किंवा गोळीबार होताना पटकन खाली वाकणं. परदेशी बसमध्ये कुणाला 'यू शुड गेट डाउन हिअर' म्हणालात तर तो आधी गोंधळेल. 'गेट ऑफ' म्हणा.

मध्ये माणूस घाला, 'उठणे'चं 'उठवणे' होतं

मला सगळ्यात जास्त आवडणारा आणि वॉर्डात सगळ्यात जास्त लागणारा भाग हा आहे.

मराठीत 'उठणे'चं 'उठवणे' होतं, 'बसणे'चं 'बसवणे', 'पोचणे'चं 'पोचवणे', 'भिजणे'चं 'भिजवणे'. एक 'व' मध्ये आला की स्वतः करायचं काम दुसऱ्याकडून होतं. इंग्रजीत हा 'व' आणायला नवं क्रियापद लागत नाही. 'गेट' आणि त्याच्या पुढचा शब्द यांच्यामध्ये माणूस किंवा वस्तू ठेवली की काम झालं. 'गेट अप' म्हणजे उठणं, 'गेट हिम अप' म्हणजे त्याला उठवणं. 'गेट टू द हॉस्पिटल' पोचणं, 'गेट हर टू द हॉस्पिटल' तिला पोचवणं. 'गेट ड्रेस्ड' कपडे घालणं, 'गेट हर ड्रेस्ड' तिला कपडे घालून देणं. 'गेट वेट' भिजणं, आणि डिस्चार्जच्या वेळी हमखास सांगायचं वाक्य, 'डोन्ट गेट द ड्रेसिंग वेट', पट्टी भिजवू नका. जिथे मराठीत 'व' न येता शब्दच बदलतो तिथेही इंग्रजी रचना तीच राहते: 'गेट आउट' निघणं, 'गेट द स्प्लिंटर आउट' रुतलेलं कुसळ काढणं. 'गेट रेडी' तयार होणं, 'गेट द ट्रॉली रेडी' ट्रॉली तयार करणं.

माणूस नेमका मध्येच हवा. 'गेट अप हिम' असं होत नाही. 'उठ-व-णे'मधला 'व' जसा शेवटी नेता येत नाही, तसंच हे.

तिकडच्या सिस्टर पेशंटशी बोलतात ते सारखं याच साच्यात. 'लेट्स गेट यू सॅट अप.' 'लेट्स गेट यू कम्फर्टेबल.' 'लेट्स गेट यू बॅक इन्टू बेड.' आपण आजींना 'चला, तुम्हाला जरा उठवून बसवू या' म्हणतो, अगदी तसं. 'सिट अप' म्हटलं तर हुकूम होतो, 'लेट्स गेट यू सॅट अप' म्हटलं की आपण हात देतोय हे त्यातच येतं. ही तीन वाक्यं मी वर्गात प्रत्येकीकडून उभं राहून, खुर्चीवर बसलेल्या मैत्रिणीला खरोखर हात देत म्हणवून घेते. हातासोबत बसलेलं वाक्य ऐनवेळी आठवतं.

एक्स-रे कुणी काढला?

पेशंट मराठीत सांगतो, 'मी काल एक्स-रे काढला.' आपल्याला कळतं की काढला टेक्निशियनने, हा नुसता समोर उभा राहिला. 'मी केस कापले', 'आम्ही घर बांधलं', 'मी गुडघ्याचं ऑपरेशन केलं' या सगळ्यात मराठी असंच सैल सोडते आणि ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी इथे सैल सोडत नाही. 'आय टुक द एक्स-रे' म्हणालात तर मशीन तुम्ही चालवलंत असा अर्थ होतो. 'आय ऑपरेटेड माय नी' यात तर तुम्ही स्वतःच सुरी हातात घेतली.

त्यासाठी मराठीतलं 'करून घेणे' आठवा. केस कापून घेतले: 'आय गॉट माय हेअर कट.' रक्त तपासून घेतलं: 'आय गॉट माय ब्लड टेस्टेड.' एक्स-रे काढून घेतला: 'आय गॉट ॲन एक्स-रे डन.' क्रम असा: 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'गेट'च्या जागी 'हॅव' घातलं तरी चालतं आणि ते जरा सभ्य वाटतं: 'आय हॅड माय नी ऑपरेटेड ऑन.' त्यातलं शेवटचं 'ऑन' विसरायचं नाही.

हाच साचा न ठरवता घडलेल्या गोष्टींनाही लागतो: 'ही गॉट हिज फिंगर कॉट इन द डोअर', त्याचं बोट दारात चेंगरलं. त्याने ते चेंगरून घेतलं असं नाही. क्रियापद काय आहे त्यावरून हे कळतं. केस कुणी मुद्दामच कापून घेतं, बोट कुणी मुद्दाम चेंगरत नाही.

आता यातच एक 'टू' आला की अर्थ पुन्हा वळतो. 'आय गॉट हिम टू टेक हिज टॅबलेट्स': समजूत घालून, गोड बोलून त्याला गोळ्या घ्यायला लावल्या. 'आय मेड हिम टेक हिज टॅबलेट्स': त्याची इच्छा नसताना घ्यायला लावल्या. 'मेड'पुढे 'टू' नाही, 'गॉट'पुढे हवाच. हा फरक मी फार आग्रहाने शिकवते, कारण यात फक्त व्याकरण नाही. म्हाताऱ्या माणसाची अर्धा तास मनधरणी करणाऱ्या सिस्टरने ड्यूटी बदलताना 'मेड' म्हटलं तर ऐकणाऱ्याला जबरदस्ती झाली असं वाटेल, आणि परदेशात त्याची चौकशीही होऊ शकते.

'झालं' म्हणणारा 'गेट'

पुढे थेट क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर ते कर्मणी असतं. 'माय फोन गॉट स्टोलन', फोन चोरीला गेला. 'शी गॉट प्रमोटेड', तिला बढती मिळाली. 'दे गॉट मॅरीड', त्यांचं लग्न झालं. 'वॉज'नेही काम होतं, पण 'गॉट'मध्ये घटना घडल्याचा ठसका असतो. 'दे वेअर मॅरीड' यातून लग्न झालेलं होतं असाही अर्थ निघतो, 'दे गॉट मॅरीड' म्हणजे त्या दिवशी लागलं. कुणाशी लागलं हे सांगताना 'विथ' नाही, 'टू': 'शी गॉट मॅरीड टू अ डॉक्टर'. मराठीतल्या '-शी'मुळे आपल्या तोंडात 'विथ' येतं. जाणणं, मानणं, विश्वास ठेवणं अशा क्रियापदांना हा 'गेट' लागत नाही, तिथे 'वॉज'च वापरा.

'टू' आणि 'गॉट'ची गुंतागुंत

'गेट टू'च्या पुढे क्रियापद आलं की संधी मिळणं: 'आय गेट टू सी माय डॉटर ऑन संडेज', रविवारी मुलीला भेटायला मिळतं. अगदी मराठीतलं 'भेटायला मिळतं'. 'गेट टू नो' म्हणजे हळूहळू ओळख होणं. आपल्याकडे बातमी कळली की 'आय गॉट टू नो दॅट' म्हणतात. त्या जागी 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट' नैसर्गिक.

'हॅव गॉट' म्हणजे नुसतं 'असणे', मिळण्याशी संबंध नाही. 'हॅव यू गॉट एनी पेन?' हे ब्रिटनमध्ये दिवसभर ऐकू येईल. अर्थ 'डू यू हॅव एनी पेन?' असाच. उत्तर प्रश्नाच्या चालीवर द्यायचं, 'हॅव'ला 'हॅव', 'डू'ला 'डू'. 'हॅव गॉट टू' म्हणजे करावंच लागेल, आणि घाईत त्याचं 'गॉटा' होतं: 'आय गॉटा गो', मला निघायला हवं.

अमेरिकन लोक तिसरं रूप 'गॉटन' करतात, ब्रिटिश 'गॉट'. अमेरिकेत दोन्ही वापरतात आणि अर्थाने वेगळे: 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी घेतली. 'गॉटन' हे अमेरिकनांनी काढलेलं खूळ आहे असं काही जण सांगतात, ते खरं नाही. ते रूप इंग्लंडमध्येच जुनं आहे, तिथे ते मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. 'फरगॉटन'मध्ये त्याचा भाऊबंद दोन्हीकडे अजून जिवंत आहे.

जोडशब्द किती शिकायचे?

'गेट'ला 'ओव्हर', 'थ्रू', 'बाय', 'अलाँग' असं काहीही जोडता येतं, आणि बाजारात त्यांच्या लांब याद्या मिळतात. याद्या घेऊ नका. दवाखान्यात लागणारे मोजके पुरेत. 'गेट ओव्हर' आजारातून किंवा दुःखातून सावरणं. 'गेट थ्रू' फोन लागणं, किंवा कठीण दिवस पार पाडणं. 'गेट बाय' आहे त्यात भागवणं. 'गेट रिड ऑफ' एखाद्या गोष्टीपासून सुटका करून घेणं, मग ती खोकल्यापासून असो की ढेकणांपासून. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे विचारून तुम्हाला कळवते. उत्तर माहीत नसताना हे वाक्य फार कामाचं, पण म्हटलं की खरोखर कळवायचं. 'गेट ऑन' ब्रिटनमध्ये तीन तऱ्हांनी येतं: 'हाऊ आर यू गेटिंग ऑन?' कसं चाललंय, 'वी गेट ऑन वेल' आमचं जमतं, आणि 'शी इज गेटिंग ऑन' तिचं वय होत चाललंय.

आपल्या मराठीत आलेले 'गेट-टुगेदर' आणि 'गेटअप' बिनधास्त वापरा, फक्त 'गेटअप' वेशभूषेच्या अर्थाने इंग्रजीत जरा विचित्र पोशाखालाच म्हणतात. लग्नाला नटून आलेल्या मैत्रिणीला 'नाइस गेटअप' म्हणू नका.

वही कशी ठेवायची

वहीत 'गेट'चे अर्थ लिहू नका. पूर्ण वाक्य लिहा, 'गेट'च्या पुढच्या शब्दाखाली रेघ मारा आणि शेजारी मराठी क्रियापद: मिळणे, होणे, पोचणे, -वणे, करून घेणे. बीबीसीचे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे छोटे कार्यक्रम फुकट ऐकता येतात. एक भाग घ्या, त्यात आलेले सगळे 'गेट' पकडा, बाकी काही लिहायचं नाही. मग झोपण्याआधी आपला दिवस पाच वाक्यांत मोठ्याने सांगा, प्रत्येकात 'गेट' हवाच. 'आय गॉट अप ॲट फाइव्ह. आय गॉट द चिल्ड्रन रेडी. आय गॉट ऑन द बस ॲट मिरज. आय गॉट टू वर्क ॲट एट. इट गॉट व्हेरी बिझी आफ्टर लंच.' यात उठणे, तयार करणे, चढणे, पोचणे, होणे हे पाचही प्रकार आले.

लिहिताना मात्र

लेखी इंग्रजीत हे सगळं बाजूला ठेवायचं. त्याचं कारण इतिहासात आहे. 'गेट' इंग्रजीत आला तो व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून. 9व्या शतकात ते इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात वसले, तिथल्या लोकांमध्ये मिसळले, आणि 'एग', 'स्काय', 'टेक', 'दे' असे रोजच्या घरगुती बोलण्यातले शब्द देऊन गेले. 'रिसीव्ह', 'ऑब्टेन', 'अराइव्ह' हे 1066 नंतर, नॉर्मन राजवट आल्यावर फ्रेंचमधून आले. दरबार, कचेरी आणि कायदा यांची ती भाषा. म्हणून एक गट अजून घरात वावरतो, दुसरा कागदावर. मराठीत 'मिळालं' आणि 'प्राप्त झालं' यांत जे अंतर आहे तेच. घरी कुणी 'मला भाकरी प्राप्त झाली' म्हणत नाही, आणि सरकारी पत्रात 'अर्ज मिळाला' यापेक्षा 'अर्ज प्राप्त झाला' दिसतं.

म्हणून पेशंटच्या कागदावर, आयईएलटीएसच्या निबंधात आणि नोकरीच्या अर्जात 'गेट' आला की थांबा आणि त्या जागी नेमका शब्द शोधा. 'आय गॉट माय डिग्री'ऐवजी 'आय कम्प्लीटेड माय डिग्री'. 'द प्रॉब्लेम इज गेटिंग बिगर'ऐवजी 'द प्रॉब्लेम इज ग्रोइंग'. रात्रीच्या सिस्टरने सकाळी ड्यूटी देताना तोंडी सांगावं, 'हिज ब्रीदिंग गॉट वर्स अराउंड टू, सो वी गॉट द डॉक्टर'. फाइलमध्ये तीच गोष्ट अशी लिहावी: 'ब्रीदिंग डिटीरिओरेटेड ॲट 02.00. डॉक्टर इन्फॉर्म्ड.'